गृहभेटीचा फोटो

आमच्या मुख्याध्यापकांचं अजूनही म्हणणं आहे, की त्या फोटोत वाईट काहीच नव्हतं. नुसता फोटो पाहिला तर कुणीही हेच म्हणेल. पत्र्याचं घर, दारात आठवीतली एक मुलगी, शेजारी बाजेवर बसलेले तिचे आजोबा, एका अंगाला निळी पाण्याची टाकी आणि टाकीच्या सावलीला शेळी. मुलगी हसतेय, कारण फोटो काढणाऱ्या याच सरांनी 'हस' म्हणून सांगितलं होतं. फोटोच्या खालच्या काळ्या पट्टीत गावाचं नाव, वस्तीचं नाव, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि कोपऱ्यात नकाशाचा छोटा चौकोन. त्या चौकोनात लाल टाचणी, बरोबर त्या घरावर टोचलेली. सोबत सरांनी स्वतः टाईप केलेला मजकूर: मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, 'आई-वडील ऊसतोडीसाठी स्थलांतरित, विद्यार्थिनी वृद्ध आजोबांसोबत घरी एकटी', आणि संपर्कासाठी मोबाईल नंबर. शेवटी जोडलेले हात आणि एक तिरंगा.

वाईट वागू पाहणाऱ्या माणसाला लागणारी सगळी माहिती एका जागी, इतकी नीटनेटकी आणि तीही सरकारी कामाच्या वेळात तयार करून दिलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. घर कुठं आहे, घरात कोण आहे, कोण नाही, आणि पोरीशी बोलायचं तर नंबर कोणता. मी तो फोटो पाहिला तेव्हा तो तालुक्याच्या ग्रुपवर पडून आठवडा झाला होता. त्या ग्रुपवर सकाळपासून इतके सुविचार आणि वाढदिवस येतात, की मी त्याचा आवाज कधीच बंद करून टाकला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जिल्हा कागदावर अहिल्यानगर झाला, बोलण्यात अजून नगरच आहे. शाळा पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात, जिथं दिवाळी सरली की गावं अर्धी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; असे दहा-बारा कोयते एका मुकादमाच्या टोळीत, आणि टोळी निघाली की थेट कारखान्याच्या पट्ट्यात. पोरं बरोबर गेली तर फडात वाढे, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात आणि शाळा सुटते ती बहुधा कायमची. म्हणून टोळ्या निघायच्या आधी आम्ही शिक्षक घरोघर जातो, हातापाया पडतो, 'लेकराला इथंच ठेवा, आम्ही बघतो' असं सांगतो. हे काम चांगलं आहे. मी ते मनापासून करते आणि त्याबद्दल कुणी मला काही शिकवू नये.

पण आमच्याकडे काम केल्यावर विश्वास नसतो, फोटोवर असतो. खिचडी शिजली, फोटो. हात धुतले, फोटो. झाड लावलं, फोटो; ते झाड पुढच्या महिन्यात वाळलं तरी चालतं, फोटो हिरवा असला म्हणजे झालं. गृहभेट केली हे नुसतं सांगून भागत नाही, जागेचा ठसा असलेला जीपीएसचा फोटो लागतो, आणि तो सगळ्यांना दिसेल असा ग्रुपवर टाकावा लागतो. ग्रुपवर तालुक्यातले शिक्षक आहेतच, शिवाय गणवेश शिवणारा, बेंच पुरवणारा, दोन-चार पुढारी, स्पर्धा परीक्षेचे क्लास चालवणारा आणि मोबाईलवर बातम्यांचं पेज चालवणारा एक हौशी पत्रकारही. कुणी कुणाला कधी घेतलं, हे विचारायची पद्धत नाही. पत्रकाराला बातमी मिळाली. 'शाळा पोहोचली दारी' असा मथळा देऊन त्यानं तो फोटो सगळ्या मजकुरासकट पेजवर चढवला, आणि आमच्या सरांना अभिनंदनाचे फोन आले.

आता ती मुलगी. आठवीत माझ्याच वर्गात. उंचीला कमी आणि आवाजाला जास्त. गणितात माझी पायरी चुकली तर हात वर न करता ओरडणारी. शाळेत आठवीपर्यंतच वर्ग, पुढं नववीला एसटीनं तालुक्याला जायचं; त्या एसटीत खिडकीची जागा कशी पकडायची, याचं तिचं नियोजन आत्तापासून तयार होतं. आजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे घरातला फोन तीच उचलायची. आई-बापाचा फोन संध्याकाळी यायचा, फडातून परतल्यावर. म्हणून शाळेत आजोबांचाच नंबर दिलेला.

एका सोमवारी ती वर्गात गप्प होती. मी फळ्यावर मुद्दाम चूक केली, तरी गप्प. मधल्या सुट्टीत तिला थांबवलं, तर म्हणाली, "बाई, मोबाईल बंद करून ठिवलाय." का, विचारलं तर आधी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग एकदम बोलली.

"एक मानूस फोन करतोय. आधी म्हनला, शाळंतून बोलतोय, तुझ्या शिष्यवृत्तीचं काम हाय. माझं नाव बी सांगितलं, बापाचं बी. मंग म्हनला आई-बाप कवा येनार. मी कट केला. तर परत लावून म्हनला, तुमच्या घराम्होरची निळी टाकी लई भारी हाय."

"आजोबांना सांगितलंस?"

"न्हाई. सांगितलं तर शाळा बंद हुईल."

मग ती म्हणाली की काल एक मोटारसायकल वस्तीच्या वाटेवर बराच वेळ उभी होती. तोच होता का, ते तिला माहीत नाही. मोटारसायकल निघून जाईपर्यंत ती पाणी भरायला बाहेर आली नाही. हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, फक्त डोळे माझ्याकडे नव्हते.

मी तिथंच ग्रुप उघडून मागे मागे गेले आणि तो फोटो सापडला. निळी टाकी, लाल टाचणी, सगळं. मला आधी रडू आलं, मग राग. राग बराच टिकला. अजून आहे.

मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. माणूस वाईट नाही. निवृत्ती जवळ आलेली, शाळेवर जीव, भिंती स्वतः रंगवून घेतलेल्या. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण दोन मिनिटांत त्यांनी स्वतःला सावरलं.

"मॅडम, हेतू चांगला होता."

"सर, हेतू नकाशावर दिसत नाही. घर दिसतं."

"आदेश आहे तसा. सगळ्याच शाळा टाकतात. आपण एकट्यानं नाही टाकला तर विचारणा होते."

"मग होऊ दे विचारणा."

त्यांनी फोटो काढून टाकायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांच्या मोबाईलमधून काढण्याची मुदत उलटून गेली होती. फक्त त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमधून गेला. तेवढ्यानं त्यांना थोडं बरं वाटलं. मला नाही वाटलं. मी मूळची नगरच्या छावणीलगतच्या भिंगारची. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन नोकर होते, आणि आमच्या लहानपणी दर दुसऱ्या भिंतीवर फोटो काढायला मनाईची पाटी असायची. आम्ही पोरं त्या पाटीशेजारूनच सायकली हाणायचो. मी सरांना म्हटलं, "सर, आमच्या भिंगारला जुना ट्रक उभा असला तरी त्याचा फोटो काढायची बंदी. आपल्या पोरीची किंमत त्या ट्रकाइतकी तरी धरा." सरांनी चहा मागवला. मी प्यायले नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. न सांगून चालणार नव्हतं. आजोबांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं, म्हणजे तसं पाहिलं तर सगळ्या वस्तीलाच सांगितलं. म्हातारा बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मग नातीला म्हणाला, "बापाला लाव फोन."

बापानं ऐकलं आणि निकाल दिला. शनिवारी मुकादमाचा पिकअप गावाकडून निघणार होता, मागे राहिलेली माणसं आणि पिठाचं दळण घेऊन. त्यात पोरीला बसवायचं. फडात आमच्या नजरेसमोर राहील. झालं. फोन बंद.

पुढचं सांगायची गरज नव्हती, ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पिकअपमध्ये बसलेली आठवीतली पोर हंगाम संपल्यावर परत येते ती वर्गात येत नाही. 'आता पुढं शिकून काय करायचं' असं कुणीतरी म्हणतं, आणि पावसाळ्याच्या आत पाहुणे बघायला येतात. म्हणजे फोन करणारा कोण कुठला माणूस, त्याला काहीही व्हायचं नव्हतं. फोटो टाकणाऱ्यांना अभिनंदन मिळालं होतं. शिक्षा तिला एकटीला. तिनं केलं काय होतं, तर सर हस म्हणाले आणि ती हसली.

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "शनिवार लांब आहे." खरं तर नव्हता.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आजोबांना, तिला घेऊन तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या एका महिला पोलिसानं नीट ऐकून घेतलं, पोरीला पाणी दिलं, तक्रार लिहून घेतली आणि आमच्यासमोरच त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आल्यावर तिनं ठाण्याचं नाव सांगितलं. लगेच फोन कट झाला आणि नंतर तो नंबर लागलाच नाही. मग तिनं पेजवाल्याला फोन केला. तो आधी पत्रकारितेवर बोलायला लागला, पण लवकरच गप्प झाला, आणि आम्ही बाकावर बसलेलो असतानाच पेजवरचा फोटो गेला. तरी तिनं खोटा दिलासा दिला नाही. "ज्यानं आधीच उतरवून घेतला असंल त्याच्याकडं हायच तो," ती म्हणाली. "नंबर बदला, आन् काही दिवस घरी एकटं ऱ्हाऊ नका."

एसटीत परत येताना मी तोंड मिटून बसले होते. नंबर बदलता येईल, घर कसं बदलायचं? टाचणी तर घरावरच टोचलेली. मी हे मोठ्यानं बोलले असेन, कारण ती शेजारून म्हणाली, "बाई, टाचनी तितंच ऱ्हाऊ द्या. आमीच हालतो."

गावात तिच्या चुलत्याचं घर होतं. चुलत्याची पाठ दुखावलेली, म्हणून तो आणि चुलती यंदा तोडीला गेले नव्हते. त्यांच्या घराला लागून एक खोली रिकामी होती, कडबा ठेवायची. आजोबांची हरकत फक्त शेळ्यांची. चुलती म्हणाली, शेळ्या बी आना. बुधवारी संध्याकाळी त्यांचं बिऱ्हाड हललं: बाज, दोन पेट्या, भांड्यांचं घमेलं, तीन शेळ्या आणि दप्तर. मी घमेलं धरून पुढं चालले होते. चूक शाळेची आणि घर सोडलं त्यांनी, याची मला एवढी चीड आली, की वाटेत भेटलेल्या सरपंचानं 'काय मॅडम, आज इकडं कुठं?' विचारलं तर मी 'शाळा पोहोचली दारी' असं म्हणून पुढं गेले. त्याला काही कळलं नाही. पोर मात्र मागून खुदकन हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

गुरुवारी आमची शिक्षण परिषद होती. महिन्यातून एकदा केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांचे, सगळे शिक्षक एका शाळेत जमतात, साहेब येतात, सूचना देतात, आपण मान डोलावतो आणि भजी खाऊन घरी येतो. त्या दिवशी आमचे विस्तार अधिकारी आले होते. स्थलांतरित मुलांच्या गृहभेटीचे फोटो कमी पडताहेत, यावर ते अर्धा तास बोलले. आमच्या शाळेचं नाव घेऊन म्हणाले, असं काम पाहिजे. सरांनी मान खाली घातली. मी उठले.

माझ्या मनात भांडायचं नव्हतं, निदान सुरुवातीला. मी नाव-गाव न घेता काय झालं ते सांगितलं, आणि म्हटलं, मुलांची नावं, घरं, नंबर ग्रुपवर टाकणं आजपासून थांबवा. भेट झाली याची नोंद शाळेत राहील, ज्याला तपासायची त्यानं येऊन तपासावी.

साहेब हसले. "मॅडम, एखाद्या प्रकारावरून तुम्ही निगेटिव्ह होऊ नका. कोण बघतंय ते फोटो? आणि आपल्याला लपवायचं काय आहे? पारदर्शकता पाहिजे."

आता हे साहेब स्वभावानं बोलके. त्यांची मुलगी नगरला बारावीत आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करते, नवरा-बायको दोघेही नोकरीवर, संध्याकाळपर्यंत ती घरात एकटीच असते पण एक मिनिट वाया घालवत नाही, हे त्यांनीच आम्हाला दर परिषदेला कौतुकानं सांगितलेलं. सगळ्या सभागृहाला पाठ होतं.

मी म्हटलं, "साहेब, मग सुरुवात आपल्यापासून करा. ताई आत्ता घरी अभ्यास करत असेल. तिला म्हणावं, दारात उभी राहा, हस, आणि जीपीएसचा एक फोटो पाठव. खाली तिचं पूर्ण नाव लिहा, 'आई-वडील संध्याकाळपर्यंत बाहेर, विद्यार्थिनी घरी एकटी' असं लिहा, तिचा नंबर टाका, आणि इथं बसल्या बसल्या ग्रुपवर पाठवा. आम्ही सगळे अंगठे देऊ."

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

"मॅडम, मर्यादा सोडून बोलताय. माझ्या मुलीचा इथं काय संबंध?"

"काहीच नाही, साहेब. तिचा नाही आणि ऊस तोडणाऱ्याच्या मुलीचाही नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असं गोष्टीतच होतं. शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढून खाली बसवलं आणि कुजबुजल्या, "तुझी बदली आता डोंगरावर." पण भजी खाताना मी पाहिलं, निम्मे लोक मोबाईलमध्ये मान खुपसून आपापले जुने फोटो शोधत होते. त्यांच्याही घरी पोरी होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी मी बापाला फोन लावला. चुलत्याच्या ओट्यावर बसून, आजोबा आणि ती समोर. त्यानं पहिल्याच वाक्यात मला गप्प केलं.

"बाई, फोटू तुमच्याच शाळंनं टाकला ना?"

"हो."

"मंग आता मला कशापायी समजावता? आमी तुमच्या भरवशावर पोरगी मागं ठिवली. घरी आल्ता तवा तुमीच म्हनला हुता, आमी बघतो. हे बघितलं व्हय?"

मी तो फोटो काढला नव्हता, पण त्याच्या दारात उभं राहून शब्द मीच दिला होता. मी एवढंच सांगितलं, की आता काय काय केलं. पोलिसांचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, नव्या नंबरचं सांगितलं. तो 'हं' म्हणत राहिला. मग परिषदेत साहेबांना काय म्हटलं, तेही सांगितलं.

"साहेबाला आसं म्हनलात? तोंडावर?"

"तोंडावर."

"मंग साहेब काय म्हनला?"

"चिडले. मग गप्प बसले."

त्यानं ते बायकोला सांगितलं असावं, कारण मागून तिचा आवाज आला, 'बरं केलं, लई बरं केलं.' मग तिनंच फोन घेतला आणि मला विचारलं, पोर जेवती का. मी फोन पोरीकडे दिला. मायलेकी बराच वेळ बोलल्या. मी शेळ्यांकडे बघत बसले, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं आणि डोळे भरून आले होते.

शेवटी बाप पुन्हा फोनवर आला. "ऱ्हाऊ द्या तिला. पर एक सांगून ठिवतो बाई. इथून म्होरं तिचा फोटू कुनाला बी काढायचा आसंल, आगदी कलेक्टर आला तरी, आधी मला इचारायचं. आमी गावात नसलो म्हनून काय झालं? बाप मीच हाय."

"विचारल्याशिवाय नाही," मी म्हटलं.

शनिवारी पिकअप तिच्याविना गेला. वर्गात तिनं माझी एक चूक काढली, ती खरीच चूक होती.

पुढच्या आठवड्यात मला नोटीस आली. गृहभेटीचे जीपीएस फोटो सादर करण्यास नकार आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन, खुलासा करावा. मी आयुष्यात लांब खुलासे पुष्कळ लिहिले, हा सगळ्यात छोटा. गृहभेटी केल्या आहेत. मुलाची माहिती त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय बाहेर देणं कायद्यातही बसत नाही आणि माझ्यातही बसत नाही. फोटो देणार नाही. खाली सही. मुख्याध्यापकांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेवटचं वाक्य जरा मऊ करता आलं असतं." मी म्हटलं, "नाही आलं." त्यांनी तसाच पुढं पाठवला. त्यानंतर आमच्या शाळेकडून ग्रुपवर एकाही मुलाचा चेहरा गेला नाही. विचारणा झाली की सर 'नेटवर्क नाही' म्हणायचे. मला त्यांचं ते उत्तर आवडायचं नाही, पण फोटो जात नव्हते, मग मी गप्प बसायचे.

आणि मग जानेवारीत साहेब शाळा तपासायला आले. हंगाम अजून चालू, गाव अजून रिकामं. माझ्या वर्गात त्यांनी पाढे विचारले, फळ्याजवळ उभं राहून दोन शब्द बोलले, मुलांनी चांगली उत्तरं दिली. सगळं ठीक चाललं होतं. जाता जाता सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. मोबाईल वर धरून ते म्हणाले, "चला, सगळ्यांनी इकडं बघा. हसा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"सर, माझ्या बापाला इचारलं का?"

ती उभी राहिली होती. हात वर न करता, नेहमीसारखी. साहेबांनी मोबाईल खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तुम्ही शिकवून ठेवलंय वाटतं."

"हो साहेब. शिकवायचाच पगार घेते."

ते हसले, पण आता वर्गासमोर माघार घेणं त्यांनाही जमेना. "बरं. बोलवा वडिलांना," असं म्हणाले. वडील तोडीला गेलेत हे त्यांना माहीत असणारच. तेवढ्यावर विषय संपेल असं त्यांना वाटलं असावं. तेव्हा दारात उभे असलेले आमचे मुख्याध्यापक, ज्यांना मी इतके महिने बोल लावला, ते पुढं आले, स्वतःच्या मोबाईलवरून तिच्या बापाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल साहेबांच्या हातात दिला.

बराच वेळ रिंग वाजली. मग एकदम वर्गात फड आला: कोयत्यांचे घाव, कुणाची तरी हाक, ट्रॅक्टरची धडधड.

"हॅलो, कोन?"

साहेबांना स्वतःची ओळख सांगावी लागली. पद, कार्यालय, सगळं. "तुमच्या मुलीच्या वर्गाचा एक फोटो काढायचा होता. शासकीय कामासाठी."

"कुठं टाकनार?"

"आमच्या ग्रुपवर."

"ग्रुपवर कोन कोन हाय, साहेब?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्हालाही सांगता आलं नसतं. पलीकडे कोयते चालूच होते. सगळा वर्ग मोबाईलकडे बघत होता, आणि ती, बाकाला टेकून, सगळ्यांकडे.

"सांगता येत न्हाई? मंग न्हाई," बाप म्हणाला. "ठिवू का? मोळ्या बांधायच्या हायेत."

इतकी वर्षं मी या नोकरीत आहे. ऊस तोडणाऱ्या माणसाचे अंगठे घेतलेले पाहिले, सह्या घेतलेल्या पाहिल्या, त्याच्या घराचे, पोरांचे, चुलीचे फोटो काढलेले पाहिले. त्याला आधी कुणी परवानगी विचारली, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यानं ती दिली नाही.